गावी जाणे हा प्रवास नव्हे काय?

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार वर्गात शिकवताना आम्ही त्याची जी लक्षणे फळ्यावर लिहितो, त्यांत एक लक्षण कधीच लिहिले जात नाही. कारण ते सर्वांनीच गृहीत धरलेले असते. प्रवास म्हणजे घरापासून दूर जाणे. लंडनला गेलेला, हिमालयात गेलेला, निदान कोकणात उतरलेला मनुष्य प्रवासी ठरतो. जो घराकडे निघाला आहे तो मात्र नुसता 'गावी चालला' असतो. त्याने वाटेत काय पाहिले, काय सोसले, हे त्याला कोणी विचारत नाही आणि तोही सांगत बसत नाही. दारात पाऊल टाकल्यावर 'कधी निघाला होतास?' आणि 'रस्त्याला गर्दी होती का?' एवढ्या दोन प्रश्नांत त्याचे प्रवासवर्णन आटोपते.

आम्हाला येथे ज्या प्रवासाविषयी लिहायचे आहे, तो याच जातीचा आहे. दिवाळीच्या आधीच्या दोन-तीन रात्री पुण्याहून, पिंपरी-चिंचवडहून, चाकण-भोसरीच्या कारखान्यांतून साताऱ्याकडे आणि सांगलीकडे मोटारसायकलींची जी रीघ लागते, तिच्याविषयी. पुण्यापासून सातारा सुमारे ११० किलोमीटर, सांगली सुमारे २३५. आटपाडी-जतकडचा माणूस असेल तर आणखी पुढे. पुढे नवरा, मागे बायको, मध्ये एक मूल, टाकीवर दुसरे, आणि बाजूला बांधलेल्या बॅगा. थंडी नुकती पडू लागलेली. दिवाळी सरली तरी ही ये-जा थांबत नाही. मार्गशीर्षात पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा असते, पौषात पालीच्या खंडोबाची आणि मांढरदेवीची. ज्याला जशी रजा मिळेल तसा तो निघतो, आणि बहुतेक वेळा रात्रीच निघतो, कारण दिवसाची पाळी बुडवणे परवडत नाही. हा प्रवास मराठी साहित्याने अद्याप आपला म्हणून ओळखलेला नाही. तो ओळखायला हवा, असे आमचे म्हणणे आहे.

घराबाहेर जाणाऱ्यालाच प्रवासी मानण्याच्या या सवयीचे सर्वांत ठळक उदाहरण आमच्याच भागातले आहे. वाळवा तालुक्यातील वाटेगाव हे अण्णा भाऊ साठ्यांचे गाव. पोटासाठी मुंबई गाठताना हे कुटुंब वाटेगावहून पायी निघाले, आणि लहानगे अण्णा भाऊ ती सगळी वाट चालत गेले. पुढे १९६१ मध्ये ते रशियाला गेले आणि 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक त्यांनी लिहिले. ग्रंथालयात हे पुस्तक प्रवासवर्णनाच्या कपाटात सापडते आणि वाटेगाव ते मुंबई ही पायपीट चरित्राच्या कपाटात. वाटेगावच्या माणसाने मॉस्को पाहणे हा प्रवास, आणि वाटेगावच्या मुलाने मुंबईपर्यंत चालणे ही 'हलाखीची परिस्थिती'! अभ्यासकांनी कधी तरी या दोन्ही कपाटांची दारे एकदम उघडून पाहायला हवीत.

जुन्या गद्याला हा भेद एवढा जाचत नव्हता, असे वाटते. विष्णुभट गोडसे वरसईहून उत्तरेकडे निघाले ते घरावरचे कर्ज फेडण्यासाठी, यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने. १८५७ च्या धामधुमीत ते सापडले, लुटले गेले, आणि अखेर गंगेच्या पाण्याची कावड घेऊन आईवडिलांकडे परतले. 'माझा प्रवास' १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी छापून आणला, तेव्हापासून आपण त्यात झाशी शोधतो, बंड शोधतो. पण कमावण्यासाठी बाहेर पडलेला आणि कमाई घरी पोचवण्याची चिंता वाहणारा मनुष्य हा त्या पुस्तकाचा कणा आहे. बोनसची पाकिटे आतल्या खिशात ठेवून रात्री कात्रज ओलांडणारा कामगार आम्हाला गोडसे भटजींच्या जवळचा वाटतो. रजा काढून सिमल्याला जाणारा लेखक तितकासा नाही.

या प्रवासाचा इतिहास फार जुना नाही. साताऱ्यात १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी उभी राहिली आणि तिच्या 'प्रिया' स्कूटरी तालुक्या-तालुक्यांतून दिसू लागल्या. पण त्या गावातल्या गावात, फार तर बाजारापर्यंत. राजदूत, येझदी, बुलेट या गाड्या बागायतदाराच्या, डॉक्टरांच्या, सोसायटीच्या चेअरमनच्या. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली आणि थोडे पेट्रोल पिऊन लांब जाणारी शंभर सीसीची चार-स्ट्रोक गाडी हळूहळू कामगाराच्या आवाक्यात आली. तेव्हा कुठे 'गावी मोटारसायकलवर जाणे' ही गोष्ट सुरू झाली. म्हणजे फार तर दीड पिढीची ही परंपरा. शब्दाच्या बाजूने पाहिले तर एक गंमत आढळते. जुन्या लोकांनी तिला आवाजावरून 'फटफटी' म्हटले, पण तो शब्द टिकला नाही. टिकला तो 'गाडी'. बैलगाडीही गाडी, एस.टी.ही गाडी आणि मोटारसायकलही गाडी. घरी नेणाऱ्या प्रत्येक वाहनाला आपल्या भाषेने एकच नाव दिले आहे.

आमच्यापैकी काहीजण गेली काही वर्षे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून 'मी केलेला प्रवास' या विषयावर निबंध लिहून घेतात. रायगड, गोवा, महाबळेश्वर, क्वचित काश्मीर. ज्यांचे वडील पुण्यात कंपनीत आहेत आणि ज्यांचे बालपण दर दिवाळीला महामार्गावर गेले, तेही सहलच लिहितात. निबंध तपासून झाल्यावर सहज विचारले, की तुम्ही दिवाळीला गावी कसे येत होता, तर वर्गाची भाषाच बदलते. एका विद्यार्थिनीने सांगितले, की ती टाकीवर बसत असे. झोप लागून ती कलंडू नये म्हणून वडील तिला आईच्या ओढणीने स्वतःच्या पोटाशी बांधून घेत. त्या सगळ्या रस्त्यातले तिला काय आठवते? स्पीडोमीटरच्या काट्यामागचा हिरवट उजेड. तो उजेड तिच्या तोंडासमोर सहा-सात तास असे. निबंध मात्र तिने महाबळेश्वरच्या सहलीवर लिहिला होता, आणि त्यात सूर्यास्ताचे वर्णन होते.

आता रस्त्याविषयी. पूर्वी या महामार्गाला चार क्रमांक होता, आता ४८ आहे. लोक अजून 'एन.एच. फोर'च म्हणतात. कात्रजचा बोगदा मागे पडला की थंडीची जात बदलते. शहरातली थंडी कानाला लागते, येथून पुढची गुडघ्यांना आणि बोटांच्या पेरांना. अनुभवी माणसे स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवतात आणि जाकीट उलटे, म्हणजे चेन पाठीवर येईल असे घालतात. वर्तमानपत्राने वारा अडतो. (आपल्या वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासात या उपयोगाची नोंद व्हायला हरकत नाही.) सारोळ्याच्या पुलावर नीरा ओलांडली की सातारा जिल्हा, शिरवळला पहिला चहा, पेला दोन्ही तळव्यांत धरून. ज्यांनी खंबाटकीचा घाट रात्री चढला आहे, त्यांना ठाऊक आहे की चढणीवर इंजिन तापते आणि तेवढ्यापुरत्या पोटऱ्या शेकल्या जातात. उतार लागला की ती ऊब पुन्हा काढून घेतली जाते. सुरूरच्या फाट्यावर वाईकडचे गळतात, साताऱ्याला कोरेगाव-खटावकडचे. अजिंक्यतारा अंधारात नुसता एक अधिक काळा आकार.

पण खरी थंडी साताऱ्याच्या पुढे, कृष्णेच्या काठची. उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते, कऱ्हाडला कोयना. पहाटे या टप्प्यात नदीवरचे धुके रस्त्यावर येऊन बसते. पाणी पाजलेल्या उसाच्या फडाजवळून जाताना अंगावर ओल्या फडक्यासारखा गारठा येतो आणि फड संपला की जातो; पुन्हा फड, पुन्हा गारठा. डोळे मिटून बसलेल्या मुलालाही शेत कधी आले हे कळावे, असा हा भूगोल. मोटारीच्या काचेआड तो कळत नाही, एस.टी.तही फारसा नाही. गुऱ्हाळाचा गोडसर धूर, कारखान्याच्या मळीचा आंबूस दर्प, ओल्या मातीचा वास, या क्रमाने माणूस आपल्या गावाच्या जवळ येत जातो. पेठनाक्याला डावीकडे वळून सांगलीच्या रस्त्याला लागेपर्यंत उजाडते. आष्ट्याच्या अलीकडे कुठे तरी थांबून, हातमोजे काढून, इंजिनवर तळवे शेकणारी माणसे आम्ही दर दिवाळीला पाहतो. ग्रामीण साहित्यातील निसर्गवर्णनावर आपल्याकडे बरेच शोधनिबंध झाले आहेत. कातडीला कळलेल्या या कृष्णाकाठाचे वर्णन त्यांत कुठे बसवावे, हे आम्हाला उमगत नाही.

असे असूनही हा प्रवास कथेत का आला नाही? याचे एक कारण आमच्या मते रचनेचे आहे. एस.टी.ने मराठी साहित्याला भरभरून दिले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, आणि थोड्याच वर्षांत ती आपल्या विनोदी लेखनाचे हक्काचे व्यासपीठ झाली. पु. ल. देशपांड्यांची 'म्हैस' आठवावी. गाडी बंद पडली, माणसे खाली उतरली, की प्रत्येकाला तोंड फुटते. कंडक्टर, मास्तर, पुढारी, सगळे बोलू लागतात. एस.टी. म्हणजे चालती चावडीच. मोटारसायकलवर बोलता येत नाही. पुढच्याचे मागच्याला ऐकू जात नाही; वारा शब्द उचलून नेतो. दोन माणसे एकमेकांना इतकी चिकटून सहा तास बसतात आणि एकमेकांचे तोंडही पाहत नाहीत. संवादावर पोसलेल्या आपल्या ग्रामीण कथेला हे गैरसोयीचे आहे. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून बसलेल्या बाईला समोर दिसते ती त्याची पाठ. तिचा रस्ता बाजूचा असतो, आणि थोडासा मागचा. त्या जागेवरून लिहिलेली कथा आम्हाला वाचायची आहे. मराठी मनात ठसलेली मोटारसायकल म्हणजे २०१६ च्या 'सैराट'मधली आर्चीची बुलेट. ती बंडाची गाडी आहे, आणि तिचे कौतुक योग्यच झाले. मागच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसलेली बाई मात्र तशीच बसून आहे.

येथे जात्यावरच्या ओवीची आठवण अपरिहार्य आहे. दिवाळीला बहिणीला माहेरी न्यायला येणारा भाऊ, म्हणजे मुराळी, हा ओवीतला लाडका पाहुणा. त्याची वाट, त्याची बैलजोडी, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, हे सारे त्या परंपरेने डोळे भरून पाहिले. मुराळी अजून येतो. मोटारसायकलवर येतो, चहा पिऊन लगेच निघायची घाई करतो, आणि बहीण मागे बसते, भाचा मध्ये. नाते तेच, ऋतू तोच, अंतर तेच. आडवळणाच्या माणसाने इतके निरखून पाहावे असे त्या बायांना वाटले आणि आपल्याला वाटत नाही, याचे कारण बैलगाडी देखणी आणि मोटारसायकल कुरूप, एवढेच असेल तर आपली सौंदर्यदृष्टी फारच हळवी म्हणायला हवी.

मोटारसायकलवरचे साहित्य म्हटले की आमचे विद्यार्थी दोन नावे घेतात: १९५२ मध्ये लॅटिन अमेरिकेच्या वाटेवर निघालेल्या चे गव्हेराची रोजनिशी आणि रॉबर्ट पिर्सिगचे १९७४ चे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स'. दोन्ही पुस्तके वाचावीतच. पिर्सिगच्या मागच्या सीटवर त्याचा मुलगा होता, हे तर आमच्या विषयाला जवळचेच. परंतु दोघेही घरापासून दूर निघालेले आहेत. आपल्या प्रवासाची खरी भावंडे पूर्वेकडे आहेत. चीनमध्ये ग्वांगडाँगच्या कारखान्यांतले कामगार वसंतोत्सवाच्या सुटीत, ऐन थंडीत, शेकडो किलोमीटरवरच्या ग्वांगशी आणि ग्वेजौ प्रांतांतील आपल्या खेड्यांकडे मोटारसायकलींवर निघत. २००८ च्या हिमवादळात रेल्वे अडकून पडल्यानंतरच्या वर्षांत या लोंढ्याची फार चर्चा झाली. त्याला नाव मिळाले, 'मोटारसायकलींची फौज'. ३२१ क्रमांकाच्या महामार्गावर पोलीस त्यांना सोबत करत, थांब्यांवर गरम पेज आणि आल्याचा काढा मिळे. २०१४ च्या अखेरीस ग्वेयांग-ग्वांगजौ वेगवान रेल्वे सुरू झाली आणि ही फौज ओसरत गेली. इंडोनेशियात ईदला गावी जाण्याच्या या लाटेला 'मुदिक' असा स्वतंत्र शब्दच आहे. तेथे सरकार लोकांच्या मोटारसायकली फुकट गावी पोचवण्याची व्यवस्था करते, हेतू हा की त्या चालवत जाण्याचा धोका टळावा. आपल्याकडे पेज नाही, ट्रक नाही, ते एक असो. पण शब्दसुद्धा नाही. कोकणच्या चाकरमान्याला निदान 'चाकरमानी' हे नाव आहे.

आमच्या विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे सारे पटत नाही. त्यांचे म्हणणे असे, की तुम्ही दारिद्र्याला रोमान्स चढवता आहात. माणसे हौसेने मोटारसायकलवर येत नाहीत. चौघांच्या तिकिटापेक्षा चार-साडेचार लिटर पेट्रोल स्वस्त पडते म्हणून येतात, शेवटची एस.टी. गावात जात नाही म्हणून येतात. २०१७ च्या ऐन दिवाळीत १७ ऑक्टोबरपासून चार दिवस एस.टी. बंद होती, आणि २०२१ च्या दिवाळीत पेटलेला संप पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. त्या दोन्ही दिवाळ्यांत रस्त्यावर जी गर्दी होती तिला तुम्ही काव्य म्हणणार का? मार्च २०२० मध्ये जिल्ह्याच्या सीमेवर अडवलेल्या दुचाक्यांना काय म्हणणार?

आक्षेप वजनदार आहे आणि त्यातला प्रत्येक तपशील खरा आहे. तरीही त्याचा निष्कर्ष आम्ही स्वीकारत नाही. जे नाइलाजाने घडते ते साहित्याबाहेर ठेवायचे, तर दलित आत्मकथनांचे काय करायचे? प्रवासाला निवड हवी, मोकळीक हवी, ही अट घातली की प्रवासवर्णन हा सुखवस्तूंचा राखीव प्रकार होतो, आणि तसा तो बऱ्याच अंशी झालाच आहे. शिवाय नाइलाज आणि आनंद यांचे इतके वैर असते, असेही नाही. मोटारसायकल गावात नुसती पोचवत नाही. चार दिवसांत मामाकडे, सोसायटीत, दवाखान्यात, देवाला न्यायला तीच लागते. गावकरी माणसाला पाहतात तसे त्याच्या गाडीलाही पाहतात.

धोक्याविषयी मात्र सहकाऱ्यांच्या म्हणण्यापुढे जाऊन बोलले पाहिजे. दिवाळीच्या सुमारास या खोऱ्यात गाळप हंगाम सुरू होतो. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे लोंबणारे वाढे, त्यात झाकलेला किंवा मुळातच नसलेला मागचा दिवा. समोरून येणाऱ्या ट्रकच्या प्रखर झोताने दिपलेला मोटारसायकलवाला त्या ट्रॉलीपाशी पोचतो तेव्हा त्याला ती दिसलेलीच नसते. त्याच दिवसांत बीडकडून ऊसतोड मजूर कोयते घेऊन आमच्या खोऱ्यात उतरतात. एकाच महामार्गावर काही माणसे सणासाठी घर गाठत असतात आणि काही घर सोडून आलेली असतात. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची. दुचाकीवर कायद्याने दोघांनाच परवानगी आहे. चार वर्षांखालचे मूल मागे असेल तर त्याला पट्ट्याने बांधावे, हेल्मेट घालावे आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक ठेवू नये, असा नियम २०२२ मध्ये केंद्राने केला. या वेगाने सांगलीला सहा तास लागतात. नियम योग्यच आहे. पण ज्याच्या घरात चार माणसे आणि एक गाडी आहे, त्याने पाळायचा तो कसा, याचे उत्तर एस.टी.च्या आगारात शोधावे लागेल, वाहतूक पोलिसाच्या पावतीत नाही.

येथे भाषेचा एक पुरावा नोंदवतो. 'दुचाकीस्वार' हा शब्द मराठीत आहे. घोडेस्वाराच्या धर्तीवर घडवलेला, ऐटबाज शब्द. पण तो अपघाताच्या बातमीबाहेर क्वचितच भेटतो. 'दुचाकीस्वार ठार', 'दुचाकीस्वार जखमी'. हे दोनच शब्द त्याच्यापुढे येतात. दुचाकीस्वार थांबला, दुचाकीस्वाराने चहा घेतला, दुचाकीस्वाराला आईची आठवण झाली, अशी वाक्ये आपण लिहीत नाही. पुणे ते सांगली या अंतरात हा मनुष्य जिवंत असताना भाषेच्या हिशेबी कुठेच नसतो. आमचा सारा आग्रह या एका गोष्टीपाशी येऊन थांबतो.

१९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून दर दिवाळीत गावच्या आठवणींचे लेख छापून येतात: आजीचे घर, पितळी बंब, उटणे, अंगणातला किल्ला. लेखक पोचलेला असतो. हे लेख ज्या आठवड्यात दुकानात येतात, त्याच आठवड्यात गावी जाणारे लोक महामार्गावर असतात. आम्ही तरुण लेखकांना, विशेषतः आमच्या वर्गांतून बाहेर पडणाऱ्यांना सुचवू इच्छितो, की त्या घराच्या अलीकडचे सहा तास लिहावेत. पुष्कळ विशेषणांची गरज नाही. किती वाजता निघालो, कुठे थांबलो, कोणाचे बोट बधिर झाले, मूल कोणत्या गावापाशी जागे झाले, एवढे जरी खरे लिहिले तरी चालेल. आणि परतीचा रस्ता विसरू नये. भाऊबीज झाली की तीच गाडी उलट दिशेला निघते. वर्षानुवर्षे साताऱ्याकडे जाणाऱ्यांना खंबाटकीचा घाट चढावा लागला आणि पुण्याकडे येणाऱ्यांना बोगदा मिळाला. पण परतीला गाडी जड असते. आईने बांधून दिलेले शेंगांचे गाठोडे, नवा तांदूळ, फराळाचा डबा आणि मुलाच्या दोन्ही हातांत धरायला दिलेली काकवीची बाटली, जी खेड-शिवापूरपर्यंत सांडता कामा नये.